दिवाळे गावातली बोट, गुलाबी पंखा आणि जस्त: वर्षभराच्या नोंदी

७ जून

काल अमावास्येच्या उधाणावर बोट वर घेतली. पहाटेची भरती, ओंडके, दोरखंड आणि आळीतली पंधरा-सोळा माणसं. मासेमारीची पावसाळी बंदी १ जूनला लागली, पण इतकं वर पाणी चढायला उधाण लागतं म्हणून पाच दिवस थांबलो.

बोट ३० फुटी आहे. आतून सागवान, वरून फायबर चढवलेलं. दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन, पंखा फिरवणारा दीड इंची स्टेनलेस शाफ्ट (दांडा), तो ज्यातून बाहेर जातो ती गनमेटलची (तांबं-कथिलाची) स्टर्न ट्यूब, तीन पात्यांचा पंखा (प्रॉपेलर), लोखंडी सुकाणू आणि इंजिनाला पाणी घेणारा पितळी कॉक. पाण्याखाली एकमेकांना चिकटून इतक्या जातींचे धातू. मासेमारी दादा करतो. मी रबाळ्याला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे, विजेचं काम. बोटीचं दुरुस्तीचं काम रविवारी आणि रात्री माझ्याकडे.

शिंपले खरवडून पंखा घासला. पिवळा निघायला हवा होता, तो गुलाबी निघाला. हातोडीने हलकेच ठोकला तर बद्द वाजला. चांगला पंखा घंटेसारखा वाजतो. पात्याचं टोक पक्कडीत धरून दाबलं तर खारी बिस्किटासारखं तुटलं. आत सगळा तांबूस भुसभुशीत धातू.

बाजारात ज्याला मँगनीज ब्रॉन्झ म्हणून पंखे विकतात ते खरं तर पितळच असतं, त्यात साधारण ४० टक्के जस्त. खाऱ्या पाण्यात त्यातलं जस्त निघून जातं आणि मागे तांब्याचा सांगाडा उरतो. आकार तसाच दिसतो, ताकद गेलेली असते. हा पंखा दोनच हंगाम चालला.

आणि आता माझी चूक. गेल्या वर्षी पंखा वाचावा म्हणून मीच जस्त लावलं होतं. भंगारातलं जस्त १८० रुपये किलोने पाच किलो घेतलं, ६०० रुपये देऊन अडीच-अडीच किलोच्या दोन विटा ओतून घेतल्या. काल पाहिलं तर त्या जवळपास जशाच्या तशा, वर पांढरा कठीण थर. डिसेंबरात ओहोटीला बोट चिखलावर बसली असताना त्या पाहून मी दादाला म्हणालो होतो, "जस्त दणकट निघालं, काहीच झिजलं नाही." तेव्हाच पंखा मरत होता. जस्त झिजण्यासाठीच लावतात. ते झिजत नसेल तर त्याच्या जागी दुसरं काहीतरी झिजतंय, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

९ जून

मीटरची एक तार विटेला, दुसरी शाफ्टला. अर्ध्या ओहमच्या आत यायला हवं, मीटर ४० किलोओहम दाखवतोय. म्हणजे जोडच नाही.

कुठे तुटलं ते शोधायला दोन तास गेले. विटेचा बोल्ट फायबरमधून आत येतो, आत नटाखाली तार, ती तार बिल्जमधून (बोटीच्या तळातला, पाणी साचणारा भाग) इंजिनापर्यंत. नटाखालच्या लगचा (तारेच्या टोकाच्या कडीचा) हिरवा भुगा झाला होता. नुसता स्पर्श होताच हातात आला. शिवाय पाणी येऊ नये म्हणून विटेखाली रबर घातलं होतं आणि बोल्टच्या डोक्याखालीही रबराचा वॉशर. म्हणजे बोल्ट आणि जस्त यांचा संबंध फक्त आट्यांपुरता, आणि आट्यांमध्ये पांढरी पूड. फायबरच्या बोटीत पाणी हा एक रस्ता असतो आणि तार हा दुसरा. दुसरा रस्ता तुटला की जस्त म्हणजे नुसतं वजन.

१२ जून

तार तुटलेली होती म्हणून जस्त झिजलं नाही, की जस्तच खराब होतं? हे वेगळं काढल्याशिवाय पुढे जायचं नाही असं ठरवलं. खाडीत आता पावसाचं पाणी मिसळतंय म्हणून दोन बादल्यांत नळाचं पाणी घेतलं आणि लिटरला ३५ ग्रॅम मीठ घातलं. एका बादलीत जुन्या विटेचा कापलेला तुकडा, दुसरीत मुंबईतल्या दारुखाना बाजारातून आणलेल्या, झिजण्यासाठीच बनवलेल्या जस्ताच्या तयार अ‍ॅनोडचा तेवढाच तुकडा. दोन्हीकडे पंख्याचं एकेक तुटकं पातं. मध्ये मिलिअँपिअर मीटर.

पहिल्या मिनिटाला जुनं ९, नवं ८. फरक नाही असं वाटून झोपायला गेलो. सकाळी जुनं १.१, नवं ६.४. दुसऱ्या दिवशी जुनं ०.५, नवं ६.२. जुन्यावर पुन्हा तोच पांढरा थर.

तयार अ‍ॅनोडच्या जस्तात लोखंड ०.००५ टक्क्याच्या वर चालत नाही, म्हणजे लाखात पाच भाग. त्याहून जास्त असलं की जस्तावर कवच धरतं आणि ते बसून राहतं. आमचं भंगारातलं जस्त लोखंडी कढईत वितळवलं होतं. वितळलेलं जस्त कढईचं लोखंड स्वतःत घेतं. ओतणाऱ्या माणसाचा दोष नाही, त्याला मी फक्त "जस्ताची वीट हवी" इतकंच सांगितलं होतं. तार जोडलेली असती तरी या विटा महिन्याभरात थंड पडल्या असत्या. एकाच कामात दोन चुका असल्या की एक सापडल्यावर माणूस थांबतो. बादल्यांनी मला थांबू दिलं नाही.

१६ जून

आता डोळ्यांनी अंदाज बांधायचा नाही, मोजायचं. त्याला संदर्भ इलेक्ट्रोड लागतो, म्हणजे पाण्यात सोडायचा असा एक धातू ज्याचा व्होल्टेज स्थिर राहतो. सिल्व्हर क्लोराइडचा तयार मिळतो, पण मला घरी करून पाहायचा होता.

बेलापुरातल्या सोनाराकडून सहा ग्रॅम शुद्ध चांदीची तार, ५२० रुपये. "दागिन्यातली नको, शुद्धच हवी" हे त्याला दोनदा सांगावं लागलं. तार पॉलिश पेपरने घासून टॉयलेट साफ करायच्या ब्लीचमध्ये अर्धा तास बुडवली. करडी-काळी झाली की वर सिल्व्हर क्लोराइडचा थर बसला. धुतली, भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या नळीत घातली, वरच्या जोडाला हीट श्रिंक (गरम केली की आवळणारी नळी) आणि एम-सील. तांब्याच्या तारेचा जोड पाण्याला लागता कामा नये, नाहीतर मीटर तांबं मोजत बसेल. पहिला इलेक्ट्रोड याच कारणाने फेकला, जोड पाण्यात गेला होता आणि आकडा सारखा फिरत होता. सुदैवाने चांदी तीच वापरता आली.

तपासणी सोपी. मिठाच्या बादलीत नव्या जस्ताचा तुकडा मोजला तर मीटरने उणे १.०२ व्होल्ट दाखवलं. समुद्राच्या पाण्यात चांगल्या जस्ताचा आकडा उणे १.०३ च्या आसपास असतो. पटलं.

पुढे सगळे आकडे मिलिव्होल्टमध्ये लिहितो. सगळे उणेच आहेत म्हणून चिन्ह गाळतो. आकडा मोठा म्हणजे संरक्षण जास्त.

२० जून

पाणी घेणारा कॉक काढला. बाहेरच्या तोंडावर खड्डे, आणि खड्ड्यांच्या आत धातू लखलखीत, आत्ताच ड्रिल मारल्यासारखा. पंख्यावर असं नव्हतं. तो सगळीकडून सारखा गुलाबी आणि मळकट. लखलखीत खड्डे दिसले की बॅटरीकडे बघावं.

सगळे स्विच बंद केले, बॅटरीची प्लस केबल सोडली आणि मधे अँपिअर मीटर लावला. शून्य हवं होतं, १८० मिलिअँपिअर आले. एकेक फ्यूज काढत गेलो. बिल्ज पंपाचा काढला आणि आकडा शून्यावर पडला. पंपाचा फ्लोट स्विच (पाणी चढलं की पंप आपोआप सुरू करणारा) थेट बॅटरीवर असतो, मेन स्विच बंद केला तरी त्याच्यात वीज असते. त्याचा जोड काळी टेप गुंडाळून बिल्जच्या पाण्यात पडलेला होता. बोट वर घेतल्यावर पावसाचं पाणी साचलं होतं म्हणून आत्ता सापडला, कोरड्या बोटीत सापडला नसता.

वीज त्या जोडातून बिल्जच्या पाण्यात, पाण्यातून कॉकच्या आतल्या अंगाला, कॉकमधून बाहेर समुद्रात आणि तिथून शाफ्टवाटे इंजिनाच्या मायनसला. धातूतून पाण्यात जिथे करंट उतरतो तिथला धातू जातो. कॉक गेला तो असा. याच्यापुढे जस्त काही करू शकत नाही. साध्या धातू-धातूच्या झिजेला हंगाम लागतो, बॅटरीची गळती ते काम आठवड्यांत करते.

जोड बिल्जच्या वर फूटभर नेला, कल्हई केलेली तार, आत गोंद असलेली हीट श्रिंक. काम ४० मिनिटांचं. तो टेपचा जोड किती दिवसांपासून होता ते दादालाही आठवत नाही.

२३ जून

शाफ्ट बाहेर ओढला. ग्लँडमध्ये, म्हणजे शाफ्टभोवती पाणी अडवायची डोरी जिथे बसते तिथे, गोल खाचा आणि टोचल्यासारखी भोकं. आम्ही काळी ग्रेफाइटची डोरी वापरत होतो, कारण ती कमी तापते आणि दुकानदार तीच देतो. ग्रेफाइट विजेच्या हिशेबात जवळपास सोन्या-प्लॅटिनमच्या पंक्तीत बसतं. स्टेनलेससुद्धा त्याच्यापुढे कनिष्ठ ठरतं आणि झिजतं. त्यात ग्लँडमध्ये पाणी साचून राहतं, हवा पोचत नाही. स्टेनलेसवरचं अंगचं कवच हवेतल्या ऑक्सिजनवर टिकतं, ते तिथे फुटतं.

पांढरी टेफ्लॉनची डोरी आणली, ४५० रुपये. शाफ्ट वाचवता येईल का म्हणून रबाळ्याच्या टर्नरकडे नेला. त्याने अर्धा मिलिमीटर काढून पाहिलं, भोकं तरीही खाली उरली. नवा ३१६ जातीच्या स्टेनलेसचा शाफ्ट, टेपर आणि चावीची खाच धरून १०,८०० रुपये. जुना हलक्या ३०४ जातीचा होता हे त्याच्याकडच्या थेंबाच्या चाचणीत कळलं. घेताना आम्हाला ३१६ सांगून दिला होता.

३० जून

पंखा. वेल्डिंगने टोक भरून देतो असं दोघांनी सांगितलं. मी नको म्हटलं. भुसभुशीत धातूवर भर टाकून तो कशाला धरेल? नवा १६,५०० रुपये. दादाचा चेहरा उतरला. हंगामाच्या तोंडावर जाळी, बर्फ, डिझेल, सगळ्यालाच पैसे लागतात. घेतला. जुना भंगारात दिला नाही, टोक तुटलेलं पातं कापून घरी ठेवलं आहे. आळीत कुणी विचारलं की हातात देतो. बोलण्यापेक्षा ते लवकर पटतं.

१४ जुलै

अ‍ॅनोड बसवले. दारुखान्यातून दोन-दोन किलोच्या दोन पट्ट्या बोटीच्या अंगाला, शाफ्टसाठी एक कडं आणि सुकाणूसाठी एक छोटी पट्टी, मिळून ४,२०० रुपये. जोडायला १० स्क्वेअर एमएमची कल्हई केलेली केबल, लग आणि इतर सामान १,९००.

यावेळी बोल्टचं डोकं थेट जस्तातल्या लोखंडी पट्टीवर बसवलं, मध्ये काही नाही. पाणी अडवायचा सीलंट फक्त भोकाभोवती. आतले लग बिल्जपासून वर, वर ग्रीस. मीटर: ०.२ ओहम. शाफ्ट इंजिनाला कपलिंगने जोडलेला असला तरी फिरताना गिअरबॉक्समधल्या तेलाच्या थरामुळे जोड धड राहत नाही. म्हणून स्टार्टर मोटरचा एक जुना कार्बन ब्रश स्प्रिंगवर बसवून शाफ्टवर टेकवला.

सुकाणू वेगळं ठेवायचं ठरवलं. लोखंडाला वाचवायला ८०० च्या वर आकडा लागतो, गनमेटल-पितळाला ५०० पुरतात. दोन्ही एकत्र बांधले तर एकाला कमी पडतं किंवा दुसऱ्याला जास्त. म्हणून सुकाणूच्या बिजागरांत नायलॉनचे बुश बसवले, ६५० रुपये, आणि सुकाणूला त्याचं स्वतःचं जस्त. ही युक्ती फार जुनी आहे. इंग्रजांच्या 'अलार्म' या लढाऊ जहाजाला १७६१ साली तळाला तांब्याचे पत्रे मारले होते. काही वर्षांत खालचे लोखंडी खिळे सडले. पण पत्र्यांच्या वेष्टनाचा तपकिरी कागद जिथे चुकून मध्ये राहून गेला होता तिथले खिळे शाबूत निघाले. मला ही गोष्ट कळली तेव्हा पहिल्यांदा आमचं सुकाणू डोळ्यांसमोर आलं.

२१ जुलै

एक रविवार वाया. रंगकाम करणाऱ्या पोराने तळाच्या रंगासोबत जस्तही मन लावून रंगवलं. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, मी कामावर होतो. रंग खरवडायला आणि पट्ट्या उघड्या करायला दिवस गेला. शाफ्टचं कडं काढून पाहिलं तर त्याच्याखालीही प्रायमर. कड्याखालचा शाफ्ट चकचकीत लागतो. आता जस्तावर कागद चिकटवून मगच रंगाचा डबा उघडायचा, असं डब्यावरच मार्करने लिहिलं आहे.

५ ऑगस्ट

काल रात्री अमावास्येच्या भरतीला बोट पाण्यात. मोजण्यासाठी आधी सगळे जोड सोडले: शाफ्ट-पंखा २९०, सुकाणू ६१०. मग जोडले. आज संध्याकाळी शाफ्ट-पंखा ८४०, सुकाणू ९२०. मी फार खूश. ५०० हवे होते, ८४० मिळाले. ही खुशी पुढे महाग पडली, पण त्या दिवशी मला ते कळलं नाही म्हणून जसं वाटलं तसंच लिहून ठेवतो.

२२ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा झाली, बोट पहिल्या फेरीला जाऊन आली. आज मोजलं तर शाफ्ट ४७०. दोन आठवड्यांत ८४० वरून ४७०. पहिला संशय ब्रशवर, तो ठीक. जोड ०.२ ओहम, ठीक. ओहोटीला चिखलात उतरून पाहिलं तर नव्या चांगल्या जस्तावर पांढरी साय.

आप्पा, म्हणजे वडिलांचे चुलते, बांधावर बसून बघत होते. म्हणाले, "पानी गोरं (गोडं) झालं का जस्त झोपतं. त्याला उठवाला लागतं."

घरी एक लिटर खाडीचं पाणी आटवलं. आईने त्यासाठी जुनं पातेलं दिलं आणि पुन्हा ते स्वयंपाकात घेणार नाही असं बजावलं. तळाला ११ ग्रॅम मीठ. समुद्राच्या पाण्यात ३५ च्या आसपास निघतं. आप्पांचं बरोबर. मिठाचं प्रमाण उतरलं की जस्तावर कवच धरतं आणि करंटही दूर पोचत नाही. आणखी एक: माझा चांदीचा इलेक्ट्रोडसुद्धा मिठावर चालतो. इतक्या कमी मिठात तो साधारण ३० मिलिव्होल्ट जास्तच दाखवतो. म्हणजे खरा आकडा ४४० धरायचा.

अॅल्युमिनियमचे अ‍ॅनोड अशा मचूळ पाण्यात जास्त बरे चालतात हे खरं. पण त्यांचा व्होल्टेज जस्तापेक्षा जास्त आणि आमची बोट आतून लाकडी, म्हणून जस्तच ठेवलं. पॉलिश पेपरने घासलं. तारेचा लोखंडी ब्रश मुद्दाम वापरला नाही, त्याचे कण जस्तात रुतले तर पुन्हा लोखंडाची भानगड. घासून झाल्यावर दुसऱ्या दिवशी ७००. सप्टेंबर संपेपर्यंत दर उधाणाला घासायचं, दादाने पंचांगावर खुणा केल्या.

१३ ऑक्टोबर

पाऊस संपला, पाणी खारं झालं. शाफ्ट ९१०.

दादा बिल्ज साफ करत होता. स्टर्न ट्यूबच्या बोल्टांभोवती त्याला पांढरी पूड दिसली, ओली, बोटांना साबणासारखी बुळबुळीत. मिठाचे खडे असतील असं मी म्हटलं. मग शंका आली. वहिनीकडून हळद मागून घेतली, कागदावर ओली करून पूड वर ठेवली. हळद लालभडक झाली. मीठ असतं तर पिवळीच राहिली असती. हा क्षार, म्हणजे अल्कली.

जस्त जेव्हा पंख्याला गरजेपेक्षा जास्त करंट देतं तेव्हा त्या धातूच्या पृष्ठभागावर क्षार तयार होतो. उघड्या पाण्यात तो वाहून जातो. लाकडातून गेलेल्या बोल्टाभोवती तो साचतो आणि लाकूड खातो. लोखंडाच्या किंवा नुसत्या फायबरच्या बोटीला ८४० चालले असते. आमच्या फायबरच्या आत सागवान आहे, हे मला रोज दिसत होतं आणि तरी मी मोठ्या आकड्यावर खूश होतो. लाकडी बोटीत गनमेटलला ५०० ते ६०० च्या पुढे जाऊच नये.

सुतारकाम करणारे मिस्त्री आले. त्यांनी बोल्टाशेजारी सळई टोचली, ती पाव इंच आत गेली. बाहेर आलेले धागे बोटांत चोळून म्हणाले, "सडलेलं नाय ह्ये. शिजलेलं हाय." सडलेलं लाकूड सहसा काळपट पडतं, त्याला वास येतो. हे फिकट, मऊ आणि कापसासारखं तंतू-तंतू झालेलं. दोन बोल्टांभोवती असंच. बाकी सहा ठीक.

बोट बांधावर घेतली. व्हिनेगरने बोल्टांच्या जागा धुतल्या, हळद लाल व्हायची थांबेपर्यंत, मग गोड्या पाण्याने. आधी शाफ्टचं कडं काढलं: ७७०. मग एक पट्टी काढली आणि एक रात्र थांबलो: ५८५. तिथे थांबलो. आकडा लगेच बसत नाही, काही तास लागतात, म्हणून घाईत दुसरी पट्टी काढण्याचा मोह आवरला ते बरं झालं.

या सगळ्यात नऊ दिवस बोट बांधावर. ऑक्टोबरातले नऊ दिवस. दादा एक शब्द बोलला नाही. मला त्याचं जास्त लागलं.

२४ नोव्हेंबर

शाफ्ट ५८०, सुकाणू ९००. पूड नाही. सुकाणूचा आकडा मोठा असला तरी चालतो, नायलॉनच्या बुशमुळे तो लाकडातल्या बिजागरांच्या बोल्टांपर्यंत पोचत नाही. ते बोल्ट वेगळे मोजले: ३१०.

१२ जानेवारी

आकडा अचानक ३६०. ब्रशवर ग्रीस उडालं होतं. शाफ्ट पुसला, ब्रश घासला: ५७५. स्टार्टरचा ब्रश हा जुगाड आहे, काम करतो पण दर पंधरा दिवसांनी पाहावा लागतो. पहाटे मोजत असताना खाडीवर फ्लेमिंगोंची रांग होती. दादाला त्यांचं कौतुक नाही, तो त्यांना रोज बघतो.

एक लिटर पाणी आटवलं: ३४ ग्रॅम. आईने आता ते पातेलं मलाच देऊन टाकलं आहे.

२८ मे

काल अमावास्येच्या उधाणावर बोट वर. पंखा धुतला, घासला. पिवळा. ठोकला, वाजला. दादाने पुन्हा ठोकला, मग आप्पांनी.

राहिलेली पट्टी काढून वजन केलं: २ किलोची १,१५० ग्रॅम राहिली. ८५० ग्रॅम गेलं. एक किलो जस्त साधारण ७८० अँपिअर-तास देतं, म्हणजे ६६३. ४ ऑगस्टपासून २९६ दिवस, सरासरी ९३ मिलिअँपिअर. ही पट्टी अर्ध्यावर आली की बदलायची असते, म्हणजे पुढच्या हंगामाला नवी. या आकाराची एकच पट्टी आमच्या बोटीला एका हंगामाला बरोबर पुरते. कॉक नवा घातला होता, त्यावर एकही खड्डा नाही. टेफ्लॉनच्या डोरीखाली शाफ्ट साफ.

सामानाचा खर्च एकूण ३५,०२० रुपये. यात पंखा आणि शाफ्टच २७,३०० चे. ज्या वस्तूंनी खरं काम केलं, म्हणजे जस्त, तार, चांदी, बुश आणि डोरी, त्या ७,७२० च्या. कॉक, ओढणावळ आणि ऑक्टोबरातले नऊ दिवस यात धरलेले नाहीत.

ते दोन बोल्ट आज काढले. मिस्त्रींनी शिजलेलं लाकूड पटाशीने चांगलं लाकूड लागेपर्यंत कोरलं, पाव इंच निघालं. ऑक्टोबरानंतर वाढलेलं नाही. भोकं आधी पंधरा दिवस सावलीत वाळू द्यायची, मग सागाचे तुकडे इपॉक्सीत बसवायचे, असं त्यांचं म्हणणं. पाऊस आठवड्यावर आला आहे. उद्या बोटीच्या मागच्या अंगाला ताडपत्री बांधायची आहे.